कुत्रा पट्टा ओढतो: आधी काय तपासायचं, मग काय बदलायचं

गेल्या ११ वर्षांत माझ्या पुण्यातल्या घरात तीन कुत्री कायमची राहिली आणि वीसेक तात्पुरती, दुसरं घर मिळेपर्यंत. त्या वीसांतल्या चौघांना आधीचं घर सोडावं लागलं ते एकाच कारणाने: "फार ओढतो." ओढतो म्हणून आजोबांनी फिरायला नेणं बंद केलं, मग आईने केलं. मग गच्चीवर सोडणं सुरू झालं. गच्चीवरून भुंकतो म्हणून शेजाऱ्यांची तक्रार आली, मग बाल्कनीत साखळी, आणि शेवटी "कुणी घेईल का?" असा मेसेज. चारही कुत्री स्वभावाने गोड होती. दुरुस्त होण्यासारख्या एका सवयीपायी त्यांचं घर गेलं, म्हणून हा विषय मी फार मनाला लावून घेते.

आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांतून आजही याच तक्रारीचे फोन येतात. मी तिथे गेल्यावर ज्या क्रमाने तपासते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. फुकटचं आणि सोपं आधी, पैशाचं आणि कष्टाचं नंतर. कृपा करून मधल्या पायऱ्या गाळू नका. गळपट्टाच टोचत असेल तर महिनाभर शिकवूनही काही उपयोग होत नाही.

लक्षणं: ओढणं नेमकं कसलं आहे?

पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त बघा. घरातल्या कुणाला तरी मागून मोबाइलवर पाच मिनिटांचं शूटिंग करायला सांगा. पट्टा हातात असताना आपल्याला फक्त खांदा दुखतोय एवढंच कळतं. व्हिडिओत कुत्र्याची शेपटी, कान, मान आणि मुख्य म्हणजे आपले पाय दिसतात.

- लिफ्टमधून बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं जीव खाऊन ओढतो, मग शांत होतो. साठलेला उत्साह आहे. सगळ्यात सोपी केस.
- घरापासून घरापर्यंत एकसारखा ओढतो, पट्टा कायम तारेसारखा ताणलेला. ही मुरलेली सवय आहे.
- एरवी ठीक चालतो, पण मांजर, दुसरा कुत्रा किंवा चहाच्या टपरीजवळ पडलेली बिस्किटं दिसली की झेपावतो.
- बाहेर जाताना मागे रेंगाळतो आणि घराकडे वळलं की ओढत सुटतो. शेपटी खाली, कान मागे. ही भीती आहे आणि तिचा उपाय वेगळा आहे.
- सारखा एका बाजूला, गवताकडे किंवा सावलीकडे ओढतो.
- ओढताना खोकतो, घशातून घरघर येते.
- पाच-सहा वर्षं नीट चालणारा कुत्रा अचानक ओढायला लागला.

शेवटच्या दोन प्रकारांत खालची तपासणी करत बसू नका. आधी डॉक्टर. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

गळ्यापाशी दोन बोटं

याला एक मिनिट लागतं. गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये तुमची दोन बोटं सपाट, सहज गेली पाहिजेत. बोटं जात नसतील तर पट्टा आवळतोय. तीन-चार बोटं जात असतील तर कुत्रा एक दिवस डोकं मागे घेऊन त्यातून निसटणार. पिल्लू असेल तर हे दर आठवड्याला बघा, कारण चार महिन्यांच्या पिल्लाचा पट्टा पाचव्या महिन्यात घट्ट झालेला असतो आणि केसांखाली ते दिसत नाही.

मग पट्टा काढून मानेवर हात फिरवा. केस गळलेत का, कातडी लाल आहे का, गोचीड चिकटलीय का? पावसाळ्यात ओला पट्टा तसाच राहिला की त्याखाली खाज सुटते. खाजणाऱ्या मानेवर आपण हिसका दिला की कुत्रा त्यापासून पळायला बघतो, म्हणजे आणखी पुढे ओढतो. माझ्याकडे आलेल्या एका पांढऱ्या देशी कुत्रीचं निम्मं ओढणं नवा सुती पट्टा आणि डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने आठ दिवसांत कमी झालं. तोपर्यंत ती हट्टी आहे असंच सगळे धरून चालले होते.

जड लोखंडी साखळी असेल तर ती आजच काढा. तिचं वजन सतत मानेवर असतं, त्यामुळे पट्टा सैल असणं म्हणजे काय हे कुत्र्याला कधी कळतच नाही. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरता धरलेलं आहे, हेही लक्षात असू द्या.

आपला हात

आता व्हिडिओत स्वतःकडे बघा. जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट करत असतो: पट्ट्याला दोन-तीन वेढे देऊन तो हातभर करायचा आणि मूठ छातीशी धरायची. कुत्र्याने ओढण्याआधीच पट्टा ताणलेला असतो.

ताणलेल्या पट्ट्याने काय होतं ते दाव्याला बांधलेल्या गाईला पुढे ओढून पाहणाऱ्याला माहीत असतं. आपण ओढलं की ती चारी पाय रोवते. कुत्र्याचंही तसंच आहे. मानेवर मागून ताण आला की अंग पुढे रेटायचं ही शरीराचीच प्रतिक्रिया आहे, त्यात उद्धटपणा काही नाही. म्हणजे आखूड धरलेला पट्टा कुत्र्याला ओढायला भाग पाडतो.

सहा फुटी, म्हणजे सुमारे १.८ मीटरचा साधा पट्टा घ्या. त्याचा फास अंगठ्यात अडकवून मूठ मिटा आणि हात कमरेजवळ सैल सोडा. कुत्रा शेजारी असताना पट्ट्याला खाली झोळ पडलेला दिसला पाहिजे. बोटांना किंवा मनगटाला वेढे देऊ नका. ३० किलोच्या लॅब्राडोरने एकदा हिसडा मारला की वेढा दिलेलं बोट मोडू शकतं.

बटण दाबलं की गुंडाळला जाणारा लांब दोरीचा पट्टा या काळात कपाटात ठेवा. त्याच्यात स्प्रिंग असते. कुत्रा ओढतो तेव्हाच दोरी बाहेर येते. ओढलं की जास्त जागा मिळते, हाच धडा तो पट्टा दर मिनिटाला शिकवत असतो.

वेळ, जमीन आणि नाक

इथेही पैसे लागत नाहीत. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हात कुत्रा रस्त्याच्या कडेला ओढत असेल तर तुमच्या हाताची पालथी बाजू डांबरावर किंवा पेव्हर ब्लॉकवर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ठेवता येत नसेल तर त्याचे तळवे भाजताहेत. सकाळी सातच्या आत आणि रात्री जमीन निवल्यावर न्या. बाजूला ओढण्याची तक्रार अनेकदा इथेच संपते.

दुसरी गोष्ट वेळेइतकीच त्या वेळेच्या वापराची आहे. फ्लॅटमधला कुत्रा दिवसाचे तेवीस तास चार खोल्यांत असतो. वीस मिनिटं बाहेर येतो, आणि त्यातही आपल्याला फक्त त्याने शी-शू उरकावी एवढंच हवं असतं. उरकली की आपण लगेच वळतो. कुत्रा दोन गोष्टी शिकतो. एक, शू केली की मजा संपते, म्हणून ती दाबून ठेवायची. दोन, वेळ थोडा आहे, म्हणून जेवढं गाठता येईल तेवढं पळत गाठायचं.

शी-शू झाल्यावर आणखी दहा मिनिटं द्या. त्या वेळात वास घेऊ द्या. झाडाचं खोड, पार्किंगमधलं टायर, भिंतीचा कोपरा, तो जिथे थांबेल तिथे तुम्हीही थांबा. आपण पेपर वाचतो तसा तो त्या कोपऱ्यावर काल रात्री कोण येऊन गेलं ते वाचत असतो. नाकाने काम केलेला कुत्रा दमतो आणि निवतो. पहिली दहा मिनिटं जीव खाऊन ओढणाऱ्या कुत्र्यांना मी आधी सोसायटीच्या कडेच्या हिरवळीवर पाच मिनिटं नुसतं हुंगू देते, मग चालायला लागते. कित्येकांचं तेवढ्याने भागतं.

ओढणं सुरू होतं ते बऱ्याचदा दारातच, हेही व्हिडिओत दिसेल. पट्टा हातात घेतला की कुत्रा उड्या मारतो, आपण घाईघाईने हूक अडकवतो, दार उघडतो आणि तो लिफ्टपर्यंत फरफटत नेतो. पट्टा हातात घेऊन उभं राहा. चारही पाय जमिनीवर टेकले की हूक लावा. दार उघडायला लागल्यावर तो घुसला तर हळूच परत लावा. पहिल्या दिवशी यालाच दहा मिनिटं जातात, चौथ्या दिवशी एक मिनिट पुरतं. दारातून शांतपणे निघालेला कुत्रा रस्त्यावरही अर्धा शांत असतो.

साधन बदलणं

इथून थोडे पैसे लागतात. माझी पहिली पसंती हार्नेसला, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला. छातीवर इंग्रजी वाय अक्षराचा आकार येणारा घ्या, ज्याला पाठीवर आणि छातीवर अशा दोन कड्या असतात. खांद्याची हालचाल मोकळी राहिली पाहिजे आणि काखेत पट्टी घासता कामा नये. छातीवरच्या कडीला पट्टा लावला की कुत्र्याने जोर केल्यावर त्याचं अंग बाजूला वळतं आणि पुढे रेटायची ताकद कमी होते. फक्त पाठीवर कडी असलेला हार्नेस मानेला सुरक्षित आहे, पण ओढणं त्याने थांबत नाही. उलट पूर्ण छातीने जोर लावता येतो. हस्की जातीला बर्फातल्या गाड्या ओढण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं गेलं. आमच्या भागात हल्ली बरेच हस्की दिसतात, आणि पाठीच्या हार्नेसमध्ये ते ओढताहेत म्हणून मालक वैतागतात. त्या कुत्र्याच्या रक्तातलं काम तो करतोय.

पॉमेरेनियन, शिह त्झू, पग अशा लहान किंवा नकट्या कुत्र्यांना पट्टा गळ्यात लावूच नका. त्यांची श्वासनलिका नाजूक किंवा श्वास आधीच कोंडलेला असतो. मानेवर ताण आला की डोळ्यांतला दाबही वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्या कुत्र्यालाही हार्नेसच.

कारवानी कुत्र्यांसाठी वेगळी सूचना. लातूर-मराठवाड्याकडची ही सडपातळ, शिकारीची जात. डोकं निमुळतं, मान जवळजवळ डोक्याइतकीच जाड, त्यामुळे साधा गळपट्टा कानांवरून सर्रकन निघतो. ससा किंवा मांजर दिसलं की हा कुत्रा वाऱ्यासारखा सुटतो आणि मग हाकेचा उपयोग नसतो. एका कारवानी मादीला मी साध्या पट्ट्यावर नेलं होतं. ती भर संध्याकाळी हायवेच्या दिशेने निसटली. दीड तासाने एका नर्सरीच्या कुंपणात सापडली. तो दीड तास मी अजून विसरलेले नाही. अशा कुत्र्यांना पोटाजवळ जादा पट्टी असलेला हार्नेस, आणि जोडीला मर्यादेपर्यंतच आवळला जाणारा रुंद गळपट्टा. दोन्हीला हूक लावा.

चोक चेन (ओढलं की मान आवळणारी साखळी), आतून काटे असलेला पट्टा आणि विजेचा झटका देणारा पट्टा मी वापरत नाही आणि कुणालाही वापरू देत नाही. दुखतं म्हणून कुत्रा ओढायचं थांबवतो, हे खरं आहे. पण तो दुखण्याची सांगड कशाशी घालेल ते आपल्या हातात नसतं. समोरून लहान मूल आलं, कुत्रा कौतुकाने पुढे गेला आणि मान आवळली, असं दहा वेळा झालं तर त्याच्या लेखी लहान मूल म्हणजे दुखणं. पुढे तो मुलावर गुरगुरला की दोष त्याच्याच माथी येतो.

मुळातलं कारण आणि खरी शिकवण

आता अवघड भाग. वरचं सगळं करूनही पट्टा ताणलेलाच असेल तर कारण एकच उरतं: ओढल्यावर तो पोचतो. त्याला झाडापर्यंत जायचंय, तो ओढतो, आपण "अरे, अरे" करत मागे चालत जातो, झाड येतं. ओढण्याची मजुरी मिळाली. ताणलेल्या पट्ट्यावर आपण टाकलेलं प्रत्येक पाऊल ही ती मजुरी आहे. शिवाय माणूस ताशी चार-पाच किलोमीटर चालतो आणि मध्यम आकाराच्या कुत्र्याची आरामाची दुडकी चाल त्याहून जलद असते. आपल्या शेजारी आपल्या गतीने चालणं त्याच्या शरीराला साहजिक नाही. ते शिकवावं लागतं आणि त्याचा मोबदला द्यावा लागतो.

मोबदला म्हणजे खाऊ. करंगळीच्या नखाएवढे तुकडे करा. घरात पोळीचा तुकडा चालेल, रस्त्यावर त्याला किंमत नसते. तिथे उकडलेलं चिकन, पनीर किंवा उकडलेलं अंडं न्या. जेवढं दिलं तेवढं जेवणातून कमी करा, नाहीतर लॅब्राडोरचं वजन महिन्यात दिसायला लागेल. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कधीच नाही, ते कुत्र्यांना विषारी आहेत.

सुरुवात हॉलमध्ये, पट्ट्याशिवाय. तुम्ही चाला. कुत्रा डाव्या मांडीजवळ आला की पॅन्टच्या शिवणीजवळ खाऊ द्या. हात पुढे करून देऊ नका. खाऊ जिथे मिळतो तिथे कुत्रा घुटमळतो, म्हणून जागा महत्त्वाची. दिवसातून तीन वेळा, तीन-तीन मिनिटं. दोन-तीन दिवसांनी तेच पट्टा लावून, मग मजल्याच्या पॅसेजमध्ये, मग दुपारच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, आणि मग रस्त्यावर. लोक हॉलवरून थेट बाजाराच्या रस्त्यावर जातात आणि "घरात ऐकतो, बाहेर ऐकत नाही" म्हणतात. बालवाडीतल्या मुलाला आपण दहावीच्या पेपराला बसवत नाही.

रस्त्यावर नियम एकच. पट्टा सैल, तर पाय चालतात. पट्टा ताणला, तर पाय थांबतात. थांबलात की ओढू नका, ओरडू नका, हिसका देऊ नका, झाडासारखे उभे राहा. काही वेळाने कुत्रा मागे वळून बघेल किंवा अंगाचा भार मागे घेईल आणि पट्ट्याला झोळ पडेल. त्याच क्षणी "शाब्बास", जवळ बोलवा, शिवणीपाशी खाऊ द्या आणि चालायला लागा. काही कुत्री उभं राहिल्यावर भुंकत सुटतात. त्यांच्यासाठी उभं न राहता शांतपणे "चल" म्हणून उलट दिशेला वळायचं. ज्या झाडाकडे तो ओढत होता ते दूर जातं, आणि सैल पट्ट्याने चाललं की आपण परत वळून त्याला तिथे नेतो. झाडापाशी "जा" म्हणून हुंगू द्या. त्याला हवं असलेलं झाड हेच बक्षीस. खाऊपेक्षा हे जास्त काम करतं, आणि पुढे खाऊ कमी करता येतो तो यामुळेच.

पहिल्या दिवशी शंभर मीटरला वीस मिनिटं लागतील. लागू द्या. लांब जायचं नाहीये, शिकायचंय. पण चौथ्या-पाचव्या दिवसाबद्दल आधीच सांगून ठेवते, कारण बहुतेक जण तिथेच सोडून देतात. त्या दिवशी कुत्रा पूर्वीपेक्षा जास्त ओढतो. लिफ्टचं बटण दाबल्यावर लिफ्ट आली नाही की आपण ते चार वेळा जोराने दाबतो, तसं त्याचं झालेलं असतं. जुनी युक्ती चालेनाशी झाली, म्हणून तो ती आणखी ताकदीने करून बघतो. इथे तुम्ही हरलात आणि "जाऊ दे आज" म्हणून मागे गेलात, तर पुरेसा जोर लावला की चालतं हे तो शिकतो. मग पुढच्या खेपेला दुप्पट वेळ लागतो. टिकून राहिलात तर आठवड्याभरात उतार दिसतो.

रोज ऑफिसच्या घाईत एवढा वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर मी दोन कड्यांची युक्ती वापरते. शिकवणीच्या वेळी पट्टा हार्नेसच्या छातीवरच्या कडीला, आणि तेव्हा नियम कडक. घाईच्या वेळी तोच पट्टा पाठीवरच्या कडीला, आणि तेव्हा नियम नाही. कुत्र्यांना हा फरक लवकर कळतो. दिवसातून पंधरा मिनिटं शिकवणीची मिळाली तरी पुरतात, पण त्या पंधरा मिनिटांत एकही पाऊल ताणलेल्या पट्ट्यावर पडू देऊ नका.

घरातले बाकीचे हात

सिंबा नावाचा ३४ किलोचा लॅब्राडोर. घरातली ताई महिनाभर मन लावून शिकवत होती आणि फरक काही पडेना. मी दोन दिवस येऊन बसले तेव्हा कळलं की सकाळी डॉग वॉकर त्याला दहा मिनिटांत सोसायटीभोवती पळवून आणतो, संध्याकाळी आजोबा बिचारे मागे ओढले जातात, आणि ताईची पाळी फक्त रात्री. दिवसात दोनदा ओढण्याची मजुरी आणि एकदा बंदी. कधीतरीच लागणाऱ्या लॉटरीचं तिकीट माणूस वर्षानुवर्षं घेत राहतो. सिंबाही तेच करत होता. आजोबांचं फिरवणं सहा आठवडे थांबवलं, ते घरातला हॉलचा सराव घेऊ लागले. वॉकरला शेजारी घेऊन तीन दिवस चालून दाखवलं आणि पळवण्याऐवजी पंधरा मिनिटं हुंगू द्यायला सांगितलं. सातव्या आठवड्यात आजोबा परत पट्टा धरून गेटपर्यंत गेले.

फिरवणाऱ्या सगळ्यांचे शब्दही एकच ठेवा. एकाचं "थांब", दुसऱ्याचं "स्टॉप", तिसऱ्याचं "ए, नको ना" असं असेल तर कुत्र्याला त्यातलं काहीच कळत नाही.

काही दिसलं की झेपावणारे

इथे चालायला शिकवून भागत नाही, अंतर सांभाळावं लागतं. दुसरा कुत्रा किती लांब असताना तुमचा कुत्रा त्याला बघतो आणि तरीही तुमच्या हातातला खाऊ खातो, ते शोधा. कुणाचं वीस मीटर असतं, कुणाचं पन्नास. त्या अंतरावर उभे राहा. त्याने बघितलं की खाऊ, पुन्हा बघितलं की पुन्हा खाऊ. काही दिवसांनी तो त्या कुत्र्याला बघून आपणहून तुमच्याकडे वळेल. मग दोन पावलं जवळ. खाऊ खायचा थांबला म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात, मागे या. शिकवण त्या क्षणी बंद झालेली असते, ओरडून ती सुरू होत नाही.

आपल्याकडची अडचण अशी की गल्लीतल्या कुत्र्यांना पट्टे नसतात, ती अंतर पाळत नाहीत. प्रत्येक टोळीचा इलाका ठरलेला असतो आणि त्यांच्या दृष्टीने आपण त्यात घुसलेलो असतो. दोन आठवडे बघून आपल्या भागातल्या टोळ्यांच्या हद्दी लक्षात ठेवा आणि वाट बदला. ती अंगावर आलीच तर पळू नका. मूठभर खाऊ त्यांच्या दिशेला जमिनीवर विखरून टाका आणि आपला कुत्रा घेऊन शांतपणे वळा. तुमच्या कुत्र्याची रेबीजची लस वेळच्या वेळी झालेली असलीच पाहिजे. माणसाला चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय उरत नाही.

घराकडे ओढणाऱ्या घाबरट कुत्र्याला वरचा "पट्टा ताणला की थांबा" हा नियम लावू नका. दिवाळीच्या फटाक्यांनंतर एक देशी मादी दोन महिने गेटबाहेर पाय टाकत नव्हती. भीती वाटत असताना रस्त्यावर अडवून धरलं की भीती वाढते. तिला आम्ही गेटपर्यंत न्यायचो, आत यायचो, पुन्हा गेट, पुन्हा आत. परत फिरायचं तिने ठरवायचं. हळूहळू ती स्वतःच कोपऱ्यापर्यंत गेली.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डॉक्टरकडे, त्याच दिवशी: ओढताना जीभ निळसर-जांभळी होणं, श्वास अडकणं, कोसळणं. एक-दोन दिवसांत: भोंगा वाजल्यासारखा कोरडा खोकला, लंगडणं, वर्षानुवर्षं नीट चालणाऱ्या कुत्र्याचं अचानक ओढणं किंवा बसकण मारणं, हार्नेस घालताना अंग चोरणं किंवा गुरगुरणं. नितंबाच्या सांध्याचं दुखणं, वाढलेली नखं, कानातला संसर्ग, गोचिडीचा ताप, वयाने कमी झालेली दृष्टी, यांतलं काहीही चालीत उतरतं. दुखणाऱ्या कुत्र्याला शिकवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, तपासणी होईपर्यंत सगळा सराव बंद.

प्रशिक्षकाकडे: अडवल्यावर कुत्रा वळून तुमच्याच पायाला किंवा हाताला तोंड घालतो, माणसांवर, मुलांवर किंवा दुचाक्यांवर झेपावतो, त्याने कुणाला एकदा जरी पाडलंय, किंवा वरचं सगळं प्रामाणिकपणे सहा आठवडे करूनही पट्ट्याला झोळ पडत नाही. कुत्र्याचं वजन पेलणार नाही अशा माणसाने, गरोदर बाईने किंवा मुलाने तोपर्यंत पट्टा हातात घेऊ नये. पडून खुबा मोडलेल्या एक आजी मी पाहिल्या आहेत.

प्रशिक्षक ठरवण्याआधी त्यांचं एक सत्र लांबून बघायला मागा. दाखवायला नकार मिळाला, चोक चेन निघाली, "याला बॉस कोण ते दाखवावं लागेल" असं ऐकू आलं किंवा "आठ दिवस माझ्याकडे सोडा, तुम्ही भेटायला येऊ नका" असं सांगितलं, तर परत फिरा. चांगला प्रशिक्षक कुत्र्यापेक्षा जास्त वेळ तुमच्याशी बोलतो आणि पट्टा तुमच्याच हातात देऊन शिकवतो. त्यांना तुमचे तीन दिवसांचे व्हिडिओ द्या, घरात कोण कधी फिरवतं ते लिहून द्या, कुठला खाऊ चालतो ते सांगा.

त्यांची वेळ मिळेपर्यंत आठ-दहा दिवस जातात. दुखणं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असेल, तर तेवढ्यात फिरणं बंद करून कुत्र्याला कोंडू नका. पहाटे पाचला, रस्ते रिकामे असताना, घरातल्या दोन मोठ्या माणसांनी मिळून न्या, हार्नेस आणि गळपट्टा दोन्हीला हूक लावून, आणि जिथे कुणी नाही अशा मैदानाच्या कडेने त्याला हवा तेवढा वेळ हुंगू द्या.